परतीचं दार

टेबलावर नकाशा पसरला होता. नव्या अग्निशमन केंद्राचा तळमजला आणि त्याच्या शेजारी पहिला मजला. कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवलेलं. समोर दलाचे अधिकारी बसले होते आणि अगदी टोकाच्या खुर्चीवर एक वयस्क फायरमन. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरलेत, त्यांचंही ऐकून घ्या, असं अधिकाऱ्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी अर्धा तास बोलले. पलंगापासून जिन्यापर्यंत किती पावलं, जिन्यापासून बंबाच्या पायरीपर्यंत किती, वाटेतलं एकही दार अंगावर उघडणारं नाही, कुठेही अचानक वळण नाही. निघण्याच्या त्या वाटेवर मी तीन महिने घालवले होते आणि मला तिचा अभिमान होता. सगळे माना डोलवत होते. माझं बोलणं संपल्यावर त्या काकांनी हात पुढे करून पेन्सिल मागितली. “मॅडम, जायची वाट चांगली काढलीत. आता आम्ही परत कसं यायचं ते बघू.” बंब उभा राहतो तिथे त्यांनी टोक टेकवलं आणि रेघ ओढायला घेतली. त्याच दारातून आत, जेवणाच्या टेबलाला घासून, बैठकीच्या खोलीतून, त्याच जिन्याने वर, पलंगापर्यंत. रेघ सरळ नव्हती. त्यांचा हात किंचित कापत होता आणि बोटांच्या पेरांवर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या, गुळगुळीत, गुलाबीसर. “ओले बूट, काजळी बसलेला कोट, सगळं असंच वर जाणार,” एवढंच ते म्हणाले आणि पेन्सिल माझ्यासमोर परत ठेवली, टोक स्वतःकडे करून.

ती रेघ मी अजून खोडलेली नाही.

आग लागल्याचा निरोप येतो त्याला दलात ‘वर्दी’ म्हणतात. वर्दी आली की त्या इमारतीतल्या सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या ‘एनएफपीए १७१०’ या मानकात आगीच्या वर्दीनंतर पूर्ण पोशाख चढवून गाडी हलेपर्यंत ८० सेकंद दिलेले आहेत, वैद्यकीय मदतीची वर्दी असेल तर ६०, आणि पहिल्या बंबाच्या रस्त्यावरच्या प्रवासाला २४०. हे आकडे एकदा डोक्यात बसले की नकाशावरची प्रत्येक भिंत सेकंदांत दिसायला लागते. वर जाणारं शटर पुरतं उघडलंय की अर्धवट, हे बंबाच्या केबिनमधून नीट कळत नाही. म्हणून हल्ली दोन्ही बाजूंना दुमडणारी चार पानी दारं घालतात. ती सातेक सेकंदांत मोकळी होतात आणि मुख्य म्हणजे वाट मोकळी झाल्याचं ड्रायव्हरला समोर दिसतं. शेगडीवर काही असेल तर वर्दीच्या घंटेबरोबर गॅस आपोआप बंद होतो. भूकंपाचा हिशेब मांडताना ही इमारत रुग्णालयाच्या पंक्तीला बसते. ती नुसती उभी राहून भागत नाही. हादऱ्याने चौकट तिरकी झाली आणि दार अडकलं तर बंब आतच राहणार, म्हणून दाराच्या बाजूचे खांब जास्त ताठ ठेवावे लागतात. हे सगळं मी मन लावून केलं होतं. आज नीट पाहिलं तर त्यातली एकूण एक गोष्ट बाहेर पडण्याची आहे.

निघण्याचं हे वेड जुनंच आहे. १८७८ साली शिकागोतल्या २१ नंबरच्या तुकडीचे कॅप्टन डेव्हिड केन्यन यांनी वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक पाडून घेतलं आणि त्यातून एक लाकडी खांब सोडला. वर साठवलेल्या गवताच्या कामासाठी असलेल्या एका दांड्यावरून त्यांचा एक माणूस घसरत झटकन खाली आला, ते पाहून त्यांना हे सुचलं असं सांगतात. दोन वर्षांनी बॉस्टनमध्ये पितळेचा खांब बसला आणि मग जगभरच्या बंबखान्यांची ती ओळखच होऊन गेली. घोड्यांचे दिवस होते ते. साज छताला टांगलेला असायचा, घंटा वाजली की घोडे आपणहून गाडीपुढे येऊन उभे राहायचे आणि साज वरून थेट पाठीवर उतरायचा. हे वाचताना मला नेहमी परतणारे घोडे आठवतात, ज्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. धावून आलेल्या घोड्याला आधी हळूहळू चालवायचं, घाम पुसायचा, अंग चोळायचं, श्वास खाली बसू द्यायचा आणि मगच ठाणावर बांधायचं. घामाघूम घोडा तसाच बांधला तर आजारी पडतो, हे घोडे सांभाळणाऱ्या कोणालाही ठाऊक होतं. माणसांसाठी मात्र एवढी रीत कोणी घालून दिली नाही. माणूस आला, कोट खुंटीला अडकवला, वर जाऊन आडवा झाला. आणि ज्या भोकातून तो घसरत खाली उतरायचा त्याच भोकातून पुढे डिझेलचा धूर त्याच्या उशापर्यंत चढत राहिला.

शिकत असताना मी व्हिट्रा या फर्निचर बनवणाऱ्या कंपनीच्या अग्निशमन केंद्राच्या चित्रांवर जीव ओवाळून टाकला होता. जर्मनीतल्या वाइल आम राइनला त्या कारखान्याचा मोठा भाग १९८१ मध्ये आगीत गेला आणि पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून त्यांनी आवारातच स्वतःचं केंद्र बांधायचं ठरवलं. वास्तुविशारद झाहा हदीद यांनी ते १९९३ मध्ये पूर्ण केलं. त्याआधी त्यांची ख्याती होती ती मुख्यतः कागदावरच्या रचनांची. उघड्या काँक्रीटच्या भिंती, तिरक्या, लांबट, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या, आणि दारावरचा तो सुळ्यासारखा पुढे आलेला छज्जा. घंटा वाजण्याच्या क्षणी अख्खी इमारत दचकून उठावी आणि तिथल्या तिथे थिजावी, तशी ती दिसते. काही वर्षांनी त्या भागाची जबाबदारी सार्वजनिक दलाकडे गेली आणि तिथे प्रदर्शनं भरू लागली. मला ती वास्तू आजही प्रिय आहे, आणि वर्दीचा क्षण दगडासारख्या साहित्यात पकडता येतो हे मी तिच्याकडूनच शिकले. पण परवा जुनी वही काढून त्या काळी मी तिची उतरवलेली रेखाटनं पाहिली, तर सगळ्या बाणांची टोकं बाहेर. आत येणारा एकही बाण मी कधी काढला नव्हता. हे माझ्या हाताचं वळण होतं आणि ते वीस वर्षं तसंच राहिलं.

त्या बैठकीनंतर मी एका जुन्या केंद्रात एक रात्र काढायची परवानगी मागितली. काकांचीच पाळी होती. साडेबाराला वर्दी आली, मी भिंतीला चिकटून उभी राहिले आणि माझ्यासमोरून सहा माणसं वाऱ्यासारखी गेली. ते मला अपेक्षितच होतं. खरं पाहण्यासारखं पहाटे तीननंतर घडलं. बंब उलटा घेत घेत आत आला, एक जण मागे उभा राहून हाताने इशारे करत होता, त्या मागे येण्याच्या पिपाण्या रिकाम्या रस्त्यावर फार मोठ्या वाटत होत्या. मग इंजिन बंद झालं आणि तापलेलं लोखंड निवताना होतो तसा बारीक टिकटिक आवाज सुरू झाला. नळ्यांच्या गुंडाळ्यांतून पाणी ठिबकत होतं. कोणी बोलत नव्हतं. एकाने हेल्मेट काढलं तेव्हा कपाळावर त्याच्या कडेची पांढरी रेघ उमटलेली दिसली, बाकी चेहरा राखाडी. आणि तो वास. लाकूड जळल्याचा वास माझ्या ओळखीचा आहे, त्यात एक ऊब असते. हा तसला नव्हता. वितळलेलं प्लास्टिक, गादीतला फोम, वायरींचं आवरण, रंग, आणि या सगळ्यावर ओतलेलं पाणी. घशाच्या मागच्या बाजूला जाऊन बसणारा, गोडसर आणि कडवट. त्यांच्यातला सगळ्यात धाकटा, असेल बावीस-तेवीसचा, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बूट न काढताच बसला. त्या सबंध तळमजल्यावर बसायला दुसरी जागाच नव्हती. गुडघ्यांवर कोपरं टेकून तो जमिनीकडे बघत राहिला. वर जाणारे त्याला ओलांडून जात होते, अंग चोरून, त्याला हात न लावता. काका त्याच्याजवळून जाताना क्षणभर थांबले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून वर गेले. मी नुसती तिथे उभी होते, आगीच्या जवळपासही गेले नव्हते, तरी दुसऱ्या दिवशी केस दोनदा धुऊनही तो वास उशीला लागलेला होता.

त्या घरात काय झालं हे मी विचारलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरमनचं काम हेच कर्करोगकारक ठरवलं, पहिल्या गटात, जिथे पुराव्याबद्दल शंका उरलेली नसते. डिझेलचा धूर २०१२ पासून त्याच गटात आहे. म्हणजे बाहेर आग आणि आत गाडीचा धूर, दोन्हीकडून मार. काजळीचे कण कोटाच्या विणीत बसतात आणि तिथून हातावर, मानेवर, गाडीच्या आसनावर, दाराच्या मुठीवर, जेवणाच्या टेबलावर येतात. गरम, घामेजलेल्या त्वचेतून ते आणखी सहज आत जातात. आगीशी झुंजून तो सुखरूप परत आला, असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या अंगावर बसून आगीचा एक भाग त्याच्याबरोबर आत आलेला असतो. काकांना मी हे सांगायला लागले तर ते म्हणाले, त्यांच्या उमेदीच्या काळात काळं पडलेलं हेल्मेट म्हणजे मान होता. ज्याचं चकचकीत तो नवखा, ज्याचं काजळलेलं तो पुरा तयार. नव्या पोरांना आता सांगतात, आल्या आल्या धुवा. ते बरोबर आहे, ते म्हणाले, पण पहिल्यांदा हेल्मेट धुतलं तेव्हा वाईट वाटलं. या वाईट वाटण्याचं मी काय करायचं ते मला कळलं नाही. ते नकाशात बसत नाही, पण त्याला जागा न देता काढलेला नकाशा मला पोकळ वाटतो.

मग मी परतीची वाट आधी काढायला घेतली. कोरा कागद, बंबाच्या मागच्या चाकापासून सुरुवात. पहिलं ठरलं ते हे की बंबाने उलटं यायचंच नाही. मागच्या रस्त्याने आत शिरायचं आणि पुढच्या दाराने निघायचं. रात्री तीन वाजता दमलेल्या ड्रायव्हरला एवढं धूड आरशात बघत मागे घ्यायला लावणं हा त्याच्यावर अन्यायच आहे. मागच्या अंगणात छपराखाली जाळीची जमीन, तिथे बूट आणि कोट अंगावर असतानाच वरून पाणी. तिथून आत शिरलं की पहिली खोली घाणीची: मळके कोट पिशवीत, पिशवी धुलाईयंत्राकडे, श्वसनयंत्रं धुण्याच्या कट्ट्यावर. मग न्हाणी, आणि न्हाणीला दोन दारं, मळक्या बाजूने शिरायचं आणि स्वच्छ बाजूने बाहेर पडायचं. त्या पलीकडच्या भागात हवेचा दाब किंचित जास्त ठेवायचा म्हणजे दार उघडलं तरी हवा तिकडून इकडेच वाहते, धूर आत ओढला जात नाही. बंबाच्या धुराड्याला लावलेली नळी गाडी निघताना आपोआप सुटते आणि तोवरचा धूर छतावरून बाहेर फेकते. धुतलेले कोट वेगळ्या खोलीत, जाळीच्या कप्प्यांत, हवा खेळेल पण ऊन लागणार नाही असे, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्या कापडाचा कस जातो. त्या क्षेत्रातले लोक याला लाल, पिवळा, हिरवा भाग म्हणतात. शब्द सोपे आहेत, पण रंग कागदावर भरणं आणि दमलेल्या माणसाला त्या क्रमाने चालावंसं वाटणं यात फार अंतर आहे. त्याला जवळची चोरवाट दिसली तर तो तिनेच जाणार, आणि त्याला मी दोष देणार नाही. म्हणून सरळ वाट हीच सगळ्यात जवळची वाट झाली पाहिजे, यावर मी दोन आठवडे घासत बसले. शिवाय हे सगळं चाललेलं असताना दुसरी वर्दी येऊ शकते. साबण अंगावर असताना येऊ शकते. परतीच्या वाटेवरून कुठूनही मागे फिरून गाडी गाठता आली पाहिजे.

जागा कुठून आणायची हा प्रश्न होताच. दर्शनी बाजूला मी दुमजली उंचीची काच घेतली होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला लाल बंब दिसावेत, लहान मुलांनी काचेला नाक लावून बघावं. तो भाग आक्रसला तेव्हा मला खूप जड गेलं, कारण शहराने आपल्या फायरमनना रोज पाहावं असं मला मनापासून वाटतं. दारांना काचा आहेत, तेवढ्यावर भागवलं.

या खटाटोपात एक गोष्ट मात्र अनपेक्षितपणे हाती लागली. जुन्या बंबखान्यांचा मनोरा. लांबून दिसायचा तोच, आणि आपण समजतो की तो आग हेरण्यासाठीच असणार. काही ठिकाणी तसा वापर झालाही, पण अनेक मनोरे बांधले गेले ते ओल्या नळ्या टांगायला. कापडी नळी पन्नास फूट लांबीची, ती भिजलेलीच गुंडाळून ठेवली तर कुजते, म्हणून तिला उभी लटकवून निथळू द्यायची. अमेरिकेतल्या कोलंबस, इंडियाना इथे रॉबर्ट व्हेंचुरी यांनी १९६८ मध्ये केलेल्या चौथ्या क्रमांकाच्या केंद्रात हा मनोराच सगळ्यात उठून दिसतो आणि त्यावर भला मोठा ‘४’ रंगवलेला आहे. इमारत बसकी, साधी, आणि मध्येच तो आकडा घेऊन उभा मनोरा. मी त्याचं चित्र किती वेळा पाहिलं असेल. पण त्या मनोऱ्याचं मूळ काम काम संपल्यानंतरचं आहे, हे मला यावेळी पहिल्यांदा नीट जाणवलं. बंबखान्याचा सगळ्यात उंच भाग परतलेल्या, भिजलेल्या, दमलेल्या वस्तूसाठी बांधलेला. हल्लीच्या नळ्यांना तेवढं वाळवावं लागत नाही, तरी मी आमच्या नकाशातला छोटा मनोरा ठेवला. सरावाला उपयोगी पडतो हे कारण बैठकीत दिलं आणि ते खरंही आहे.

रोममध्ये ऑगस्टसने इसवी सन ६ मध्ये रात्री पहारा देणारी आणि आगी विझवणारी सात पथकं उभी केली, चौदा विभागांच्या शहराला सात. त्यातल्या सातव्या पथकाची एक चौकी १८६६ मध्ये ट्रास्टेव्हेरे भागात जमिनीखाली सापडली. आजच्या रस्त्यापेक्षा कितीतरी खाली. मधोमध षट्कोनी कारंजं असलेलं दालन आणि भिंतींवर त्या माणसांनी स्वतः कोरून ठेवलेला मजकूर. नावं, पथकाचा उल्लेख, रात्रीच्या दिव्यांच्या कामगिरीची नोंद, तिसऱ्या शतकातली. त्यातल्या एकाने लिहिलंय, मी थकलोय, माझ्या जागी दुसरा पाठवा. हे वाचलं तेव्हा मला ती जिन्याची तिसरी पायरी दिसली. त्या चौकीचा नकाशा कोणी काढला असेल त्याने कारंजं मधोमध ठेवलं होतं. ते शोभेचं असेल, देवाचं असेल. मला वाटतं, रात्रभर धुरात फिरून आलेल्या कुणीतरी आधी त्याच पाण्याने तोंड धुतलं असणार.

दुसऱ्या बैठकीला काका आले तेव्हा निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते. ही इमारत उभी राहील तेव्हा ते तिच्यात कामाला नसतील, हे दोघांनाही माहीत होतं. नवा नकाशा त्यांनी स्वतःकडे फिरवून घेतला आणि यावेळी पेन्सिल न मागता बोट ठेवलं. मागचं फाटक. जाळीची जमीन. पाणी. दार. बोट सावकाश चालत होतं, प्रत्येक ठिकाणी थोडं थांबत होतं, जणू खरंच कोट उतरवला जातोय. मळक्या खोलीत मी सहा जणांचा बाक काढला होता, खोलीच्या मधोमध, म्हणजे दोन्ही बाजूंनी तीन-तीन जण बसून बूट काढतील आणि जागा वाचेल. त्यावर बोट येऊन थांबलं ते पुढे जाईना.

“याच्या मागे भिंत आहे का?”

“नाही काका. मोकळा आहे, दोन्हीकडून बसता येईल.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “आल्यावर पाठ टेकायला लागते हो,” असं म्हणाले, आणि मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, “म्हणून तर पोरगं पायरीवर बसतं. बाजूला भिंत असते.”

मी बाक भिंतीला लावून पाहिला. सहाची जागा चारवर आली. शेजारच्या भांडाराची भिंत साठ सेंटिमीटर मागे ढकलली तेव्हा पाच बसले. सहाव्यासाठी दाराची जागा बदलावी लागणार होती. काका खुर्ची पुढे ओढून बसले आणि आम्ही दोघं दार कुठे सरकतं ते शोधत राहिलो.